पाच जणांच्या थाई जेवणाविषयी

नमस्कार. आपला प्रश्न दोनदा नीट वाचला. वडिलांच्या साठीनिमित्त येत्या ऑगस्टमध्ये पाच जणांनी शहरातल्या त्या गजबजलेल्या थाई रेस्टॉरंटमध्ये जायचे ठरवले आहे, आई आणि आत्या पूर्ण शाकाहारी आहेत, आणि तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या वडिलांना शंका आहे की नारळाच्या दुधातले हे जेवण आपल्याला मिळमिळीत लागेल. मी तिथे बऱ्याच वेळा जेवलो आहे आणि गेली काही वर्षे घरीही थाई पदार्थ करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वडिलांची शंका. अमेरिकेतून निघालेली मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या व्यापारामुळे आशियात पसरली आणि आपल्याप्रमाणेच थाई लोकांनीही ती मनापासून आपलीशी केली, त्यामुळे त्यांचे जेवण मुळात सौम्य मुळीच नाही. फरक आहे तो तिखटाच्या जातीत. आपल्या कांदा-लसूण चटणीतला तिखटपणा वाळवलेल्या आणि तेलात परतलेल्या मिरचीचा असतो, तर त्यांचा बराचसा तिखटपणा ताज्या, कच्च्या, खलबत्त्यात ठेचलेल्या मिरचीचा असतो, म्हणजे तो आपल्या ठेच्याला अधिक जवळचा. शिवाय तो एकटा येत नाही. आंबट, खारट आणि गोड या तिघांना बरोबर घेऊन येतो. म्हणून वेटरला ‘कोल्हापुरी तिखट करून द्या’ असे कृपा करून सांगू नका. तसे सांगितले की आतून तिखटाची पूड पडते आणि बाकीच्या तिन्ही चवी बुडतात. त्यापेक्षा चिरलेल्या मिरच्या घातलेले फिश सॉस वेगळ्या वाटीत मागवा. थाई घरांत आणि खानावळींत ते जेवणाबरोबर असतेच, आणि त्यातले चमचाभर भातावर घातले की वडिलांची तक्रार राहणार नाही.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे मागवण्याची पद्धत. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही पाच जणांनी पाच वेगवेगळ्या ताटांचा विचार केला, प्रत्येकाने स्वतःसाठी एक पदार्थ निवडला आणि टेबलावर चार प्रकारच्या करी आल्या. सगळ्या नारळाच्या दुधातल्या होत्या. चार घासांनंतर तोंड ओशट झाले आणि घरी येताना थाई जेवण आपल्यासाठी नाही असे सर्वांचे एकमत झाले होते. चूक स्वयंपाकाची नव्हती. थाई भाषेत जेवणे यासाठी ‘किन खाओ’ म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ भात खाणे. मध्ये भात आणि भोवती सर्वांनी वाटून घ्यायचे पदार्थ, अशी ती मांडणी आहे. त्यामुळे पाच जणांसाठी एक आंबट-तिखट सॅलड, एक सूप, एक करी, एक परतलेला पदार्थ आणि पुरेसा भात एवढे सांगा, आणि सगळे एकाच वेळी आणायला सांगा. सांगितले नाही तर सूप आधी येऊन निवून जाते आणि करी येईपर्यंत सॅलड संपलेले असते.

शाकाहाराबाबत मात्र फार काळजी घ्या. एका रेस्टॉरंटमध्ये मी माझ्या वहिनींना मेनूकार्डावरचा हिरवा ठिपका पाहून भाज्यांची हिरवी करी मागवून दिली होती. अर्धा वाडगा संपल्यावर त्यांना वासाची शंका आली. मी विनंती केल्यावर आचाऱ्याने आतून पेस्टचा डबा आणून दाखवला. त्याच्या मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत, लसूण आणि गवती चहाच्या नंतर, कोळंबीची पेस्ट लिहिलेली होती. त्याने मुद्दाम काही केले नव्हते. त्याच्या हिशेबी वरून मासे-मटण घातले नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी. पण वहिनींनी चमचा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून टेबल राखून ठेवायला फोन कराल तेव्हाच चार गोष्टी स्पष्ट विचारा. करीची पेस्ट कोळंबीशिवाय वाटलेली आहे का, कारण पारंपरिक पेस्टमध्ये आंबवलेली कोळंबी असते. मिठाऐवजी फिश सॉस पडतो का. तो लहान मासे मिठात आंबवून केलेला असतो आणि थाई स्वयंपाकात तो जवळजवळ सगळीकडे असतो. परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, जातो का. आणि पॅड थाई म्हणजे तांदळाच्या परतलेल्या शेवया व कच्च्या पपईचे सॅलड सोम ताम यांत सुकट असते का. पॅड थाईत तर अंडेही असते. स्वयंपाकघर चांगले असेल तर ते सोया सॉस आणि मीठ वापरून वेगळे करून देतात, पण तयार पेस्टमधली कोळंबी ऐनवेळी काढता येत नाही, म्हणून हे आदल्या दिवशीच कळवायला हवे. उत्तर गुळमुळीत आले तर आई आणि आत्यांसाठी करीचा नाद सोडा.

आणखी एक सांगतो. काफ्राओ म्हणून जो झणझणीत परतलेला पदार्थ असतो, त्यातली पाने आपल्या अंगणातल्या तुळशीचीच जात आहे. आपल्याकडे पुष्कळदा त्याऐवजी बडीशेपेच्या वासाची थाई बेझिल वापरतात, तरी कोंबडीच्या खिम्यात तुळस हे आत्यांना खटकू शकेल. त्यांच्यासमोर मागवण्याआधी विचारून घेतलेले बरे.

आता पदार्थांविषयी. वडिलांसाठी मी डोळे मिटून तोम खा सुचवेन, कोंबडी घातलेले. नारळाच्या दुधातले हे पातळ सूप पहिल्या घोटाला पांढऱ्या रश्श्याची आठवण करून देते, आणि लगेच मागून लिंबाचा आंबटपणा येतो. नारळाचे दूध आणि आंबट ही जोडी सोलकढीमुळे आपल्याला परकी नाहीच. वाडग्यात आल्यासारख्या दिसणाऱ्या कुलंजनाच्या जाड चकत्या, गवती चहाचे दांडे आणि दोन पाने जोडल्यासारखी दिसणारी मकरूट लिंबाची पाने तरंगत असतील. ती चावायची नसतात. रश्श्यातली दालचिनी आणि तमालपत्र आपण बाजूला ठेवतो तशी ठेवायची. नारळ नको असेल तर तोम याम हे आंबट-तिखट सूप घ्या. त्याचा कोळंबी घातलेला प्रकार, तोम याम कुंग, युनेस्कोने २०२४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला आहे.

करी एकच घ्यायची असेल तर मासामान. दालचिनी, वेलदोडा, लवंग, जिरे, धने, वर चिंच, बटाटा आणि शेंगदाणे. मुसलमान व्यापाऱ्यांच्या संपर्कातून घडलेली ही करी आपल्या मसाल्याच्या सर्वांत जवळची आहे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना हमखास आवडते. हिरवी करी रंगावरून सौम्य वाटते, पण ती ताज्या हिरव्या मिरचीची असते. तिच्या थाई नावात ‘गोड’ असा शब्द आहे, तो चवीसाठी नसून त्या मऊ हिरव्या छटेसाठी आहे. ती आली की वाडग्याच्या कडेला पाहा. पेस्ट नारळाच्या घट्ट दुधात तेल सुटेपर्यंत परतलेली असेल तर कडेने हिरवट तेलाचे बारीक कडे दिसते, अगदी आपल्या रश्श्यावरच्या कटासारखे. सगळे एकसारखे दुधट दिसले तर समजावे की पेस्ट नुसती उकळत्या दुधात ढवळली आहे.

पॅड थाई मुलांना आवडतो आणि मागवायला हरकत नाही, मात्र तो थाई जेवणाचा कणा नव्हे. सयामचे नाव १९३९ मध्ये थायलंड झाले त्या सुमारास पंतप्रधान प्लेक फिबुनसोंगक्राम यांच्या सरकारने तांदळाच्या शेवयांचा आग्रहाने प्रसार केला आणि त्यातून तो घरोघरी गेला. तो चिंच आणि ताडगुळाच्या चवीचा हवा. लालभडक आणि टोमॅटो सॉसच्या वासाचा आला तर न संकोचता परत पाठवा.

चॉपस्टिक मागण्याची गरज नाही. थाई लोक भात चमच्यानेच खातात आणि काटा फक्त घास चमच्यात लोटण्यासाठी वापरतात. आत्यांना हाताने जेवायचे असेल तर तेही खुशाल. चिकट भात तिकडेही बोटांनी गोळा करूनच खातात.

शनिवार-रविवार शक्यतो टाळा. रंकाळ्यावर फिरून आलेली कुटुंबे साडेआठनंतर एकदम येतात, वेटर धावत असतात आणि शाकाहाराच्या सूचना आतपर्यंत नीट पोहोचत नाहीत. मधल्या वारी साडेसातला बसलात तर मॅनेजर स्वतः टेबलाशी येऊन बोलतो.

गोडात चिकट भात आणि आंबा सगळेच सुचवतात. वाफवलेल्या भातात गोड आणि किंचित खारट नारळाचे दूध मुरवून वर पिकलेला आंबा, असा तो पदार्थ आहे, पण ऑगस्टमध्ये हापूस संपलेला असतो. आंबा ताजा आहे की गोठवलेला, एवढे विचारा. गोठवलेला असेल तर नारळाचे आइस्क्रीम घ्या आणि आंब्याच्या भातासाठी वडिलांना पुढच्या मे महिन्यात पुन्हा घेऊन जा.