इंग्लंडात कॉर्नवॉलला जेटस्की चालवायला जातोयस, तर सूटचं बघ

अरे, आपल्या गोव्यात आश्वे-मांद्र्याला समुद्राचं पाणी 27-28 अंश असतं, तिथे रॅशगार्डवर, म्हणजे पाण्यात घालायच्या पातळ घट्ट टी-शर्टवर, भागतं. कॉर्नवॉलला मे महिन्यातसुद्धा ते 12 अंशांच्या आसपास असतं. त्यात तुझी उभं राहून चालवायची जेटस्की. लाटांत तू चालवण्यापेक्षा पडणारच जास्त.

वेटसूट, म्हणजे निओप्रीन रबराचा अंगाला घट्ट बसणारा सूट, 4/3 घे: धडाला 4 मिलिमीटर आणि हातापायांना 3. दुकानदार 5/4 गळ्यात मारेल, पण जाड बाहीत कोपर वाकवताना दरवेळी रबराशी झटापट होते आणि हात भरून येतात. घालून बघताना हँडल धरल्यासारखा वाक. काखेत किंवा पाठीच्या खालच्या भागात पोकळी राहिली, तर पडलास की गार पाणी आत शिरणार. पाणी आत येऊच न देणारा ड्रायसूट राहू दे, लाटांत फाटला तर पाणी भरतं.

हातमोजे पातळच घे, बोटाला थ्रॉटल जाणवला पाहिजे. बूट हवेतच.

आणि गोव्यातही नुसत्या बर्मुड्यावर चढू नकोस, इथली पोरं सर्रास चढतात! जेटस्कीच्या मागच्या बाजूला पडलास तर तिच्यातून जोरात सुटणारी पाण्याची धार शरीरात घुसून आतडी फाडू शकते. निओप्रीनची पँट हवीच. लाइफ जॅकेट सूटवर चढवूनच माप ठरव.