गाडी बदललीस, ते त्यांना सांगितलंस?

मावशी,
दर ३१ डिसेंबरला डायरीत वर्षाचा हिशेब मांडते. काम, विरंगुळा, मैत्री असे तीन रकाने. यंदा कामाचा रकाना भरगच्च आहे: जूनमध्ये बढती मिळाली, हाताखाली नऊ जण आले, एसी लोकलचा पास काढल्यामुळे जाण्यायेण्याचा त्रासही संपला. विरंगुळाही बरा झाला: शनिवारी गाण्याचा क्लास, मे महिन्यात कोकण, तीन नाटकं. मैत्रीच्या रकान्यात मात्र काय लिहावं ते सुचेना. ऑक्टोबरमध्ये ४६ वा वाढदिवस झाला, घरचे सोडले तर एकीचाही फोन नाही. गेल्या वर्षी निदान गाडीतल्या बायकांनी गजरा तरी माळला होता. मी कुणाशी भांडले नाही, कुणाचं वाईट चिंतलं नाही. या वयात मैत्रिणी सुटतातच का?
– एक वाचक, डोंबिवली

सुटल्या नाहीत गं, तू सोडल्यास. जूनमध्ये.

एसीच्या पासाचं ते वाक्य मी तीनदा वाचलं. बढती आणि हाताखालचे नऊ जण यांच्या पंगतीत तू त्याला बसवलंयस. ऑफिसला जायचा पास, म्हणून कामाचा, असा तुझा हिशेब असणार. चुकीच्या रकान्यात पडलाय तो.

त्या साध्या गाडीने किती वर्षं जात होतीस, ते लिहिलं नाहीस. पण गजरा माळायला पहिल्या वर्षी कुणी येत नाही. पहिल्या वर्षी ‘कुठे उतरणार?’ एवढंच विचारतात, तेही सीटसाठी. मग कधीतरी एखादी सरकते आणि चौथी सीट देते. तिघींच्या बाकावर चौथी म्हणजे अर्धी मांडी हवेत, पाय वाटेत, येणारी-जाणारी प्रत्येक पर्स आपल्या खांद्यावर. तरी ठाणं येईपर्यंत सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन कळलेलं असतं आणि घाटकोपरपर्यंत लेकाचे दहावीचे मार्क. आडनाव मात्र पाच-पाच वर्षं माहीत नसतं.

मी कल्याणहून व्हीटीला बावीस वर्षं गेले. १९९२ मध्ये कल्याणची लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हा घरी सगळे म्हणाले, चला, सुटलीस एकदाची. आठवडाभर गेले त्या गाडीने. नंतर मुकाट्याने जुन्या गाडीला परत आले, कारण आमचा घोळका तिथेच राहिला होता. माझ्या लेकीचं नाव मुलुंड आणि भांडुपच्या मध्ये ठरलं. आत्याबाईंना अजून वाटतं, ते त्यांनी सुचवलं.

एसी लोकलवर माझा राग नाही. २०१७ च्या नाताळात पश्चिम रेल्वेवर पहिली धावली तेव्हा आम्ही नाकं मुरडली होती. आता माझीच भाची तिच्याशिवाय घराबाहेर पडत नाही. चाळिशी उलटल्यावर मे महिन्याच्या घामात दारात लोंबकळण्यात कसलंही पुण्य नाही. गारव्यात खुशाल बस. मला फक्त एवढं सांग, की पास बदललास तो दिवस त्या डब्यात कसा गेला असेल, याचा कधी विचार केलास?

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या असतील, रजा असेल. आठवड्याने, गावाला गेली असेल. पंधरा दिवसांनी आवाज खाली आले असतील. रोजची बाई एकाएकी यायची थांबली की लोकलमध्ये पहिला विचार चांगला येत नाही, हे तुला मी सांगायला नको. कुणीतरी एक-दोन दिवस इंडिकेटरखाली तुझी वाट पाहिली असेल. मग एका सकाळी कुणाला तरी तू त्याच फलाटावर, जरा पुढे, एसीच्या दारासमोर दिसली असशील. ‘आहे, चांगली आहे’ असं तिने डब्यात येऊन सांगितलं असेल आणि विषय तिथेच संपला असेल. भांडून गेली असतीस तर निदान महिनाभर तुझ्यावर बोलणं झालं असतं.

आणि फोनचं म्हणतेस, तर त्यांच्याकडे तुझा नंबर आहे का? तुझ्याकडे त्यांचा? मला वाटतं, नसावा. गाडीतल्या मैत्रीला तो लागत नाही. गाडीची वेळ हाच तिचा नंबर, आणि तो तू बदललास. वर गजरा माळणाऱ्या त्या पत्रात ‘गाडीतल्या बायका’ झाल्या. मैत्रीण हा शब्द तू कुणासाठी राखून ठेवलायस गं? शाळेतल्या त्या तिघींसाठी, ज्या तुलाही वर्षभर आठवल्या नसतील? दसऱ्याला डब्याला तोरण बांधताना, वर्गणी काढताना तुझं नाव निघालं असेल की नाही, ते मला कसं कळणार. तुलाही कळलं नाही, कारण तू विचारलं नाहीस.

तर येत्या सोमवारी तुझी जुनी गाडी पकड. तोच डबा, तोच दरवाजा. एसीचा पास राहू दे, बाकीचे दिवस त्यानेच जा, पण सोमवार त्यांचा. इतके दिवस का आले नाही याचं भाषण तयार करू नकोस. बढतीचं तर अजिबात काढू नकोस, त्या विचारतील तेव्हा सांग. तुझ्या खिडकीत आता दुसरी कुणी बसत असेल. तिच्याकडे बघतसुद्धा राहू नकोस, चौथी सीट माग. एखादी टोचून बोलेल, ‘आज एसी बंद पडली वाटतं?’ बोलू दे. तिनेच इंडिकेटरखाली वाट पाहिली असणार.

आणि संक्रांतीपर्यंत थांबू नकोस. तीळगूळ घेऊन गेलीस तर पाहुणी होशील. त्या तोंडभर गोड बोलतील आणि कुर्ल्याला आपापल्या फोनमध्ये डोकं घालतील. त्यापेक्षा किलोभर मटार ने, सध्या स्वस्त आहेत. न सोललेले ने. दादरपर्यंत तुला एकटीला काही ते उरकायचे नाहीत.