शटर जड झालं की आधी वापर थांबवा

जुलै लागला की नाशिक परिसरातून पार्किंगच्या शटरबद्दल आणि गेटबद्दल वाचकांची पत्रं वाढतात. तक्रार बहुतेक तीच असते आणि तिच्यासोबत कुणीतरी सांगितलेला उपायही. तो उपाय करून बसण्याआधी विचारलंत, हे बरं झालं.

पावसात शटर उचलायला जड जातंय. शेजारचे काका म्हणतात, गाईडमध्ये (शटर ज्यातून सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या खाचांत) ग्रीस भर. भरू का? (गंगापूर रोड)

नको. ग्रीसला धूळ आणि बारीक कच चिकटते, त्यात पावसाची ओल शिरली की लगदा होतो आणि पट्ट्या आणखी घासतात. दोन्ही गाईड कोरड्या फडक्याने पुसा आणि सिलिकॉनचा स्प्रे मारा. ग्रीस वरच्या बेअरिंगला लागतं, ते मिस्त्रीकडून घाला. एवढं करूनही जड जात असेल तर दोष स्प्रिंगमध्ये असू शकतो, तेव्हा पुढचं उत्तरही वाचा.

रो-हाऊसचं शटर अर्ध्यावर थांबत नाही, धाडकन खाली येतं. विक्रेता म्हणतो, स्प्रिंगच्या भानगडीत पडू नका, मोटर बसवा. ऑर्डर देऊ का? (सिडको)

देऊ नका. निदान आज तरी नाही.

शटरचं बहुतेक वजन तुमचा हात उचलत नाही, वरच्या पाइपातल्या स्प्रिंगा उचलतात. शटर खाली येताना त्या पिळल्या जातात आणि तोच पीळ वर नेताना कामी येतो. तोल नीट असेल तर शटर अर्ध्यावर सोडलं तरी जवळपास तिथेच राहतं. तुमचं कोसळतंय, म्हणजे स्प्रिंग ढिली झाली आहे किंवा तुटली आहे.

यावर मोटर बसवली तर काय होतं, ते विक्रेते सांगत नाहीत. मधली मोटर, म्हणजे शाफ्टवरच, शटर गुंडाळलं जातं त्या वरच्या पाइपावर, बसते ती, स्प्रिंगांच्या भरवशावर चालते. स्प्रिंग मेलेली असेल तर सगळा भार मोटरवर येतो, ती तापते आणि मध्येच बंद पडते. खरा धोका त्यापुढे आहे. पावसात लाईट जाते, घरातलं कुणीतरी हाताने उघडायची दोरी ओढतं, ब्रेक सुटतो आणि पूर्ण वजनानिशी शटर खाली येतं. तेव्हा खाली मूल सायकल काढत असेल तर? साईड मोटर चेनने ओढते, तिला स्प्रिंग लागत नाही, पण ती शटरच्या किलोमधल्या वजनाप्रमाणे निवडावी लागते. तुमच्या विक्रेत्याने माप घेऊन वजन काढलं का? मोटर कोणत्या प्रकारची, शटरचं वजन किती, स्प्रिंगची अवस्था काय, हे तिन्ही कोटेशनवर लिहून मागा. लिहून देत नसेल तर दुसरा माणूस बघा.

स्प्रिंग स्वतः सोडवायला जाऊ नका. तिच्यातला पीळ एका झटक्यात सुटतो आणि हातातला रॉड तोंडावर बसतो. जाणकार मिस्त्री येईपर्यंत शटर पूर्ण खाली ठेवा, विटा किंवा बांबू लावून अर्धवट उघडं ठेवू नका. गाडी आठवडाभर बाहेर भिजली तरी चालेल.

रिमोट अगदी जवळ गेल्याशिवाय चालत नाही. (इंदिरानगर)

सेल बदला.

वाड्याचा सागवानी दरवाजा फुगलाय, लागतच नाही. सुताराला रंधा मारायला सांगितलंय. (पंचवटी)

सुताराला थांबवा. लाकूड आत्ता ओल पिऊन फुगलंय. आज तासलंत तर उन्हाळ्यात तेवढीच फट पडेल आणि मग पट्टी ठोकत बसाल. आधी बिजागऱ्या तपासा, कारण पुष्कळदा दरवाजा फुगलेला नसतो, वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन तो खाली बसलेला असतो. लाकूड वाळल्यावर, दिवाळीनंतर, तरीही अडकला तर थोडं तासून घ्या. तासलेल्या कडेला लगेच तेल किंवा पॉलिश लावा, उघडं लाकूड पुन्हा ओल ओढतं.

शेतघराच्या शटरची खालची पट्टी गंजून झडली. गेल्या वर्षीच रंग दिला होता. (इगतपुरी)

इगतपुरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात 700 च्या आसपास. शहरातला रंगकाम करणारा शहराच्याच हिशोबाने रंग देतो. गंज तसाच ठेवून वर ऑइलपेंट मारला की आत तो वाढतच राहतो. झडलेली पट्टी बदलाच आणि नवी गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, घ्या. पण वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं, तिथे झिंकयुक्त प्रायमर लावून घ्या. फॅब्रिकेटर बहुधा चंदेरी रंग फासून मोकळे होतात. उंबऱ्यापाशी पाणी साचत असेल तर फरशीला बाहेरच्या बाजूला उतार काढा, नाहीतर नवी पट्टीही फार टिकणार नाही.

सरकतं गेट रुळावरून उतरलं. दोघांनी उचलून बसवलं, आता ठीक चालतंय. (पाथर्डी फाटा)

ठीक नाही. चाक किंवा वरचा रोलर झिजल्याशिवाय गेट सहसा उतरत नाही. रुळाच्या दोन्ही टोकांना स्टॉपर आहेत का, आजच बघा. नसतील तर मुलांना गेटजवळ खेळू देऊ नका आणि वेल्डरला उद्याच बोलवा. असं गेट आडवं पडलं तर लहान मूल त्याखालून निसटू शकत नाही.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर चढलं. शटरची कंट्रोल पेटी बुडाली होती. आता सुकलीय, चालू करून बघू का? (गोदाघाट परिसर)

अजिबात नको. वरून सुकलेली दिसली तरी आत गाळ आणि ओल राहते. मेन स्विच बंद ठेवा, पेटी इलेक्ट्रिशियनकडून उघडून तपासून घ्या आणि त्याच फेरीत त्या लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे की नाही, तेही बघून घ्या. पेटी पुन्हा लावताना पुराच्या खुणेच्या वर लावा.