दुपारी गेम अडखळतो, पहाटे नीट चालतो. ग्राफिक्स कार्ड बदलू का?

घाई करू नका, भाऊ. हे लक्षण उष्णतेचं आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. खोलीच तापली की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. गेम चालू ठेवून एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं तापमान बघा. ९५ अंशांच्या आसपास असेल तर पीसी बंद करून कॅबिनेट उघडा, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअरने धूळ काढा, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) नवी लावा.

पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको! दमट हवेत आपल्याकडची बारीक धूळ हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींत चिकटून बसते, मग नुसत्या हवेने निघत नाही, ब्रशच लागतो.

आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डालाच लावलीय ना, तेही बघा. रॅमची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी टाका. कार्डापेक्षा बरंच स्वस्तात काम होईल.