वाचकांचे प्रश्न : फ्रेडी मर्क्युरी पाचगणीचा किती?

प्रश्न (वाचक, वाई) : आमच्या स्मरणिकेत 'पाचगणीचा सुपुत्र फ्रेडी मर्क्युरी' असा लेख आहे. कुणी त्याचा जन्म मुंबईचा म्हणतं, कुणी झांझिबारचा. काय छापावं?

उत्तर : 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडच्या या गायकाचा जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. 'सुपुत्र' खोडून 'माजी विद्यार्थी' करा. मूळ नाव फारोख बुलसारा. घराणं पारशी, आडनाव बुलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं. वडील झांझिबारला ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. मुलाला त्यांनी आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. 'फ्रेडी' हे नाव तिथे पडलं, 'मर्क्युरी' मात्र १९७० च्या सुमारास लंडनमध्ये. म्हणून शाळेतल्या फोटोखाली 'फारोख बुलसारा' हवं. तिथल्या 'द हेक्टिक्स' बँडमध्ये तो पियानो वाजवायचा, तेव्हा 'पाचगणी गाजवणारा गायक' वगैरे नको. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि कुटुंबाने इंग्लंड गाठलं. मुंबईत जन्म ही निव्वळ ऐकीव गोष्ट.

प्रश्न (वाचक, नाशिक) : फ्रेडीवरचा २०१८ चा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' चित्रपट पाहून कालपट तयार केला तर चालेल का?

उत्तर : नाही. चित्रपटाने नाट्यासाठी वर्षं बिनदिक्कत हलवली आहेत. बँड तुटला होता आणि 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीसाठी पुन्हा जमला, असं त्यात दिसतं. प्रत्यक्षात क्वीन तुटलाच नव्हता. जानेवारी १९८५ मध्ये तो रिओत वाजवत होता, मे महिन्यात जपानमध्ये. लंडनच्या वेम्बलीतला 'लाइव्ह एड' १३ जुलैचा, म्हणजे जपाननंतर जेमतेम दोन महिन्यांनी. आपल्याला एड्स असल्याची बातमी फ्रेडी सहकाऱ्यांना 'लाइव्ह एड'आधी सांगतो, हेही पटकथेतलं. जोडीदार जिम हटनच्या सांगण्यानुसार निदान १९८७ चं. आजाराचं जाहीर निवेदन २३ नोव्हेंबर १९९१ ला आलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला.

'वी विल रॉक यू' १९७७ चं आहे. चित्रपटात ते १९८० मध्ये तयार होतं, तेही मिशीवाल्या फ्रेडीसमोर. मिशी १९८० ची. फोटोत मिशी आणि खाली '१९७७' दिसलं, तर ओळ चुकीची समजा.

प्रश्न (वाचक, पुणे) : क्वीनची सगळी गाणी त्याचीच ना?

उत्तर : गायली बहुतेक त्याने, लिहिली बँडमधल्या चौघांनीही. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आणि 'वी आर द चॅम्पियन्स' त्याची. 'वी विल रॉक यू' ब्रायन मेचं, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' जॉन डीकनचं, 'रेडिओ गा गा' रॉजर टेलरचं. लेडी गागाने नाव या शेवटच्या गाण्यावरून घेतलं. तो फ्रेडीचा प्रभाव म्हणून सर्रास छापला जातो. 'क्वीनचा प्रभाव' म्हणा, म्हणजे टेलरवर अन्याय होणार नाही. गीतकार तपासायचा तर रेकॉर्डच्या लेबलवर गाण्याखालचं कंसातलं नाव पाहा. १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे चौघांनी ठरवून सगळ्या गाण्यांवर 'क्वीन' एवढंच घातलं.

प्रश्न (वाचक, ठाणे) : क्वीनने '३० कोटी रेकॉर्ड विकल्या' हा आकडा वापरू का?

उत्तर : नको. जगभरची विक्री मोजणारी एकच अधिकृत यंत्रणा नाही. अंदाज १५ कोटींपासून ३० कोटींपर्यंत पसरलेत. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ला अमेरिकेत २०२१ मध्ये 'डायमंड' हे विक्रीचं प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे १ कोटी युनिट. पण तिथे १५० वेळा ऑनलाइन ऐकलं की एक युनिट धरतात, म्हणून 'इतक्या प्रती खपल्या' लिहू नका. 'पहिला क्रमांक' लिहिताना देशही लिहा. हे गाणं ब्रिटनमध्ये १९७५-७६ ला नऊ आठवडे आणि फ्रेडीच्या मृत्यूनंतर आणखी पाच आठवडे पहिलं होतं. अमेरिकेत १९७६ ला नववं, १९९२ ला दुसरं.