पोर किती महिन्यांचं?

गेली काही वर्षं चिपळूणच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच काळजी फिरून फिरून येते. मुलगा किंवा लेक इंग्लंडला, नातवंडं तिथल्या ग्रामर स्कूलच्या, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळेच्या, प्रवेशपरीक्षेला बसणारी आणि हातात न उमगणारा निकाल. एका आजोबांनी नातवाला 104 मिळाले म्हणून वाडीभर पेढे वाटले. दुसऱ्या एका घरात त्याच आकड्यावरून अबोला.

ऑगस्टच्या सुट्टीत गुहागरजवळ माहेरी आलेली एक आई सराव परीक्षेचा कागद घेऊन आली. “मॅडम, दोघींची 50 पैकी 38 उत्तरं बरोबर. मैत्रिणीच्या मुलीला 115 आणि आमच्या मुलीला 109. सप्टेंबरमध्ये जन्मली म्हणून मार्क कापायचे?”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. आकड्यापेक्षा आपण त्याचा लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, असं मी मनापासून मानते. म्हणून आधी आकडाच उलगडायला घेतला.

हे गुण म्हणजे टक्के नव्हेत. गणिताचा पेपर कठीण निघतो, इंग्रजीचा सोपा; दोन्हींतले 30 एका मापाचे कसे धरणार? म्हणून प्रत्येक पेपरात मुलांची सरासरी 100 वर आणतात आणि गुण असे पसरवतात की साधारण दोनतृतीयांश मुलं 85 ते 115 मध्ये येतात. पेढ्यांचे ते 104 सरासरीच्या जरासे वर. इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायर परगण्यात पात्र ठरायला 121 लागतात.

पुढे वयाचा भाग. तिकडे 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं एका वर्गात बसतात; म्हणजे सप्टेंबरचं मूल वर्गात सगळ्यात मोठं, ऑगस्टचं सगळ्यात लहान. 10 वर्षांच्या पोरांत 11 महिन्यांचं अंतर थोडं नव्हे. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच वयाच्या, अगदी महिन्यापर्यंत जुळणाऱ्या मुलांशी होते. लहानांना ठरावीक बोनस नसतो. त्या पेपरात वयाबरोबर गुण किती वाढताना दिसले, त्यावर जुळवणी ठरते. आपल्या स्कॉलरशिपला किंवा नवोदयला असं काही नसतं, त्यामुळे आपल्याला ते लुबाडल्यासारखं वाटतं.

तिने सगळं ऐकलं. पटलं मात्र नाही.

तिसऱ्या भेटीला तिची आई सोबत आली, निवृत्त अंगणवाडी सेविका. थोडा वेळ ऐकून त्या लेकीकडे वळल्या.

“अगो, 9 किलोचं पोर चांगलं की वाईट?”

“केवढं आहे त्यावर ना.”

“मग? आम्ही पहिलं तेच विचारायचो, किती महिन्यांचं? वर्षाची मुलगी 9 किलोची असली तर वजनाच्या तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात, म्हणजे ठीक. अडीच वर्षांची 9 किलोची निघाली तर मी त्याच दिवशी तिच्या घरी जायचे.”

त्यांनी निकालाचा कागद उलटा केला, माझं पेन घेतलं आणि वर चढत जाणारी एक वाकडी रेघ काढली. मग एकाच उंचीवर दोन टिंबं दिली. डावीकडचं रेघेच्या वर, उजवीकडचं खाली. “वजन तेच. कुणाचं काय कापलं सांग?”

लेक त्या टिंबांकडे बघत राहिली. बाहेर पागोळ्यांचा आवाज चालू होता. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला अनुभवाने आलंय. मग ती हळूच म्हणाली, “परवा ती विचारत होती, आई, मी ऑगस्टमध्ये जन्मले असते तर चाललं असतं का?”

तिचा राग परीक्षेवर होता, आणि तो ऐकत होती 10 वर्षांची मुलगी. ‘तू वर्गात सगळ्यात मोठी, तुला तर जास्त पडायला हवेत’ हे वाक्य त्या घरात किती वेळा उच्चारलं गेलं, ते तिनेच मोजून सांगितलं. समजावण्याचं सामान बरेचदा घरातच असतं, ते हाताशी आणून द्यावं लागतं, हे मला त्या दिवशी पुरतं उमगलं. तेव्हापासून ती रेघ मी प्रत्येक पालकाला काढून दाखवते.

पालकांना एवढं सांगेन. सराव परीक्षेतले गुण त्या सरावाला बसलेल्या मुलांशी तुलना करून येतात. खऱ्या परीक्षेला बसणारी मुलं वेगळी, त्यामुळे तो आकडा तसाच पुढे धरू नका. बेरजेपेक्षा कोणता पेपर मागे पडतोय ते बघा. दुसऱ्याच्या मुलाचे गुण घरात आणूच नका. आणि जन्ममहिन्याबद्दल मुलासमोर चकार शब्द काढू नका, अगदी गमतीतही.

त्या मुलीचा वाढदिवस परीक्षेच्या आठवड्यातच येत होता, म्हणून तो पुढे ढकलला होता. तो त्याच तारखेला झाला. आजीने गुहागरहून फोनसमोर निरांजन धरून तिला ओवाळलं.