एकाच कांजीचे इतके उच्चार लक्षात कसे ठेवायचे?

तुम्ही जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-४ पातळीची तयारी करताय आणि ‘जगणे, जन्म’ या अर्थाच्या कांजीपाशी (कांजी म्हणजे जपानीत वापरलं जाणारं चिनी चित्राक्षर) अडलात, कारण पुस्तकात तिच्यासमोर उच्चारांची ही मोठी यादी दिलीये. ओन्योमी (चिनीवरून आलेले उच्चार), कुन्योमी (मूळ जपानी शब्दांचे उच्चार) सगळं पाठ करायचं का, असं विचारलंत. नका करू. उच्चार सुटे पाठ करू नका, शब्द पाठ करा. मी पुण्यात जपानी शिकले, आता भाषांतराचं काम करते, आणि नुसत्या याद्या घोकून कुणाची कांजी पक्की झालेली मी पाहिलेली नाही.

तुम्ही अडलात ती कांजी मला फार आवडते. जमिनीतून वर येणाऱ्या कोंबाचं ते चित्र आहे, रेघा पाचच, आणि जपानी मुलं ती पहिलीत शिकतात. (गाईच्या कांजीशी गल्लत होते. तिला तळाची आडवी रेघ नसते आणि उभी रेघ खाली बाहेर येते, एवढं बघा.) नित्य वापरातल्या २१३६ कांजींची जी सरकारी यादी आहे, तिच्यात हिचे १२ उच्चार दिलेत: दोन ओन्योमी आणि दहा कुन्योमी. आकडा ऐकून घाबरू नका. त्यातले बरेचसे उच्चार कांजीच्या मागे लागलेली हिरागाना (जपानी उच्चारलिपी) अक्षरंच तुम्हाला सांगतात.

मागे ‘किरु’ दिसलं की इकिरु, म्हणजे जगणे. ‘मारेरु’ दिसलं की उमारेरु, जन्मणे. नुसतं ‘मु’ असेल तर उमु, जन्म देणे. ‘एरु’ असेल तर हाएरु, म्हणजे उगवणे: गवत, दात, दाढी, पावाला आलेली बुरशी, सगळ्याला हेच क्रियापद. या मागच्या अक्षरांना ओकुरिगाना म्हणतात. वहीत कांजी एकटी लिहायची सवय असेल तर ती आजच मोडा. ओकुरिगानासकट अख्खा शब्द लिहा.

मागे हिरागाना नाही आणि शेजारी दुसरी कांजी आहे, तर बहुतेक वेळा सेई. गाकुसेई, सेन्सेई, जिन्सेई (आयुष्य), सेइकात्सु (राहणीमान, रोजचं जगणं). यातले पहिले दोन शब्द तर तुम्हाला पहिल्या धड्यापासून येतात. दुसरा ओन्योमी शो, ओ लांबवून: इश्शो म्हणजे जन्मभर, तांज्योबी म्हणजे वाढदिवस (इथे शोचा ज्यो होतो). हा शो जपानमध्ये आधी पोचलेला, बौद्ध ग्रंथांच्या पठणात टिकलेला उच्चार आहे, तर सेई नंतरचा, चीनमधल्या तांग राजवटीच्या काळातल्या राजधानीच्या बोलीचा. म्हणून बौद्ध शब्दांत शो भेटतो. संस्कृतातल्या ‘सत्त्व’ला, म्हणजे सर्व जीवांना, शुज्यो म्हणतात आणि जीवहत्येला सेश्शो. आपल्याला तर हे शब्द चटकन जवळचे वाटायला हवेत.

आता नामा. अर्थ कच्चा, ताजा, प्रक्रिया न केलेला. नामा-तामागो कच्चं अंडं, नामा-बिरु ड्राफ्ट बिअर, नामा-होसो थेट प्रक्षेपण, आणि नामा-गोमी म्हणजे आपला ओला कचरा. चारही शब्द जपानमध्ये सतत कानावर पडतात.

खरी गंमत पुढे आहे. हीच कांजी आणि तिच्यानंतर ‘वस्तू’ची कांजी, एवढंच लिहिलेलं असतं. शाळेच्या वेळापत्रकात ते सेइबुत्सु, म्हणजे जीवशास्त्र. कुरिअरच्या खोक्यावर तेच नामामोनो, म्हणजे नाशवंत खाद्यपदार्थ. अक्षरात काडीचा फरक नाही. आपणही ‘जग सुंदर आहे’ आणि ‘तू सुखाने जग’ यांतले दोन ज वेगळे उच्चारतो, आणि कोणता कुठे हे वाक्यावरूनच कळतं. जपानी माणूसही तसंच वाचतो.

सोया सॉसच्या बाटलीवर मात्र जपान्यांनाही थांबावं लागतं. ही कांजी लावून लिहिलेला सॉस किज्योयु वाचला तर दुसरं काही न मिसळलेला, शुद्ध. नामा-शोयु वाचला तर न तापवलेला. ‘कि’ हा उच्चार तुम्हाला सध्या ‘किजि’पुरता (कापड किंवा मळलेली कणीक) पुरेल. शिबाफु म्हणजे हिरवळ, या शब्दात हीच कांजी ‘फु’ होते. तिथे नियम शोधू नका, शब्द जसाच्या तसा घ्या.

परीक्षेतही उच्चारांची यादी कुणी मागत नाही. वाक्य देतात, शब्दाखाली रेघ असते, चार पर्यायांतून वाचन निवडायचं. म्हणून आन्कीवर (पाठांतराची कार्डं बनवायचं अ‍ॅप) कार्ड करताना पुढच्या बाजूला एकटी कांजी टाकू नका, छोटं वाक्य टाका: ‘पावाला बुरशी आली’, ‘मी पुण्यात जन्मलो’. मागे त्या शब्दाचं वाचन आणि अर्थ. एका कांजीला सुरुवातीला तीन-चार शब्द पुरेत, बाकीचे वाचनात भेटतील तेव्हा जोडा. ही कांजी झाली की ‘वर’ आणि ‘खाली’च्या कांजी अशाच घ्या. त्यांचेही उच्चार भरपूर आहेत, आणि तिथेही ओकुरिगानाच वाट दाखवतो.